अनुदानाची यादी वाचायला शिकताना

तालुक्याला वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा अतिवृष्टीची बातमी म्हणजे पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचा फोटो आणि ‘सरसकट पंचनामे करा’ ही मागणी, एवढंच मला माहीत होतं. पैसे कुणाला मिळाले आणि कुणाचे राहिले, हे दोन-तीन महिन्यांनी पीक नुकसानीच्या अनुदानाच्या यादीत कळतं. या कामात नव्याने येणाऱ्यांनी ती यादी वाचायला शिकावं, म्हणून हे लिहितोय.

आधी दर पाठ करा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत आणि नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच. 1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने हेच दर 13,600, 27,000 आणि 36,000 झाले, मर्यादा 3 हेक्टर झाली. 2025 मध्ये पुन्हा जुने दर आले. त्यामुळे यादी कोणत्या नुकसानीची आहे आणि तिला कोणता शासन निर्णय लागू आहे, हे पाहिल्याशिवाय बेरजेला हात घालू नका.

मग रकमेला दराने भागा. 8,500 च्या दराने 6,800 रुपये म्हणजे जिरायतीचे 80 आर, म्हणजे 0.8 हेक्टर. तेवढं क्षेत्र त्या गटाच्या सातबारावर आहे का? नसेल तर प्रश्न विचारायचा. पण विचारायचाच, लगेच छापायचं नाही. एका गावच्या यादीत एकाच गटावर पाच नावं दिसली आणि माझी बातमी जवळपास तयार झाली. आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या जमिनीचा उतारा, काढून पाहिला, तर ते पाचही सामाईक खात्यातले भाऊ-भावजया निघाले. प्रत्येकाला वाटणीचेच पैसे आले होते. ती बातमी गेली असती तर त्या घराला गावात मान वर करता आली नसती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

खरे घोटाळेही होतात. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अनुदान घोटाळा 2025 मध्ये गाजला. जमीन नसलेल्यांच्या नावेही पैसे निघाल्याचं त्यात समोर आलं.

यादी मागितली की ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर मिळतं. मलाही मिळालं. माहितीचा अधिकार कायदा 2005 चं कलम 4 उघडा: अनुदान योजनांतल्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावा, असं त्यात लिहिलंय. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांत बसवा. गाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम एवढंच मागा. आधार आणि बँक खात्याचा क्रमांक नको, असं अर्जातच स्पष्ट लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. माझी यादी अपिलानंतरच हातात आली.

यादीत नाव असूनही पैसे न आलेल्यांकडे मात्र आपलं फार दुर्लक्ष होतं. कुणाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेली असते, कुणाचं खातं आधारला जोडलेलं नसतं, कुणी वारलेलं असतं आणि वारसनोंद अडकलेली असते. अशा राहिलेल्यांची यादी मी ग्रामपंचायतीसमोर मोठ्याने वाचली, तेव्हा एका आजींनी स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकलं. ई-केवायसीसाठी यादीत नावापुढे दिलेला ‘विशिष्ट क्रमांक’ त्यांनी कागदावर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सेवा केंद्राच्या दारात उभ्या होत्या.