सीडी-डीव्हीडीवरून पपी लिनक्स
हार्डडिस्क गेलेला जुना संगणक हाती आला की मी आधी पपी लिनक्सच लावून बघते. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम पुरेशी रॅम असली की अख्खी तिच्यातच चढते. मग चालते झरझर!

पपीची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रतिमा) डिस्कवर नुसती कॉपी करू नका, 'इमेज' म्हणूनच बर्न करा. वेग कमी ठेवा. आणि डिस्क फायनलाइझ (म्हणजे पुढचं लिखाण कायमचं बंद) मुळीच करू नका, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ती उघडी राहिली तरच संगणक बंद करताना तुमचं काम त्याच डिस्कवर नव्या सत्रात (लिखाणाच्या नव्या टप्प्यात) साठवता येतं. त्यासाठी सीडीपेक्षा डीव्हीडी बरी, जागा भरपूर मिळते.

बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटक्रमात सीडी-डीव्हीडीचा ऑप्टिकल ड्राइव्ह पहिला ठेवा. साठवलेलं सत्र बिघडलंच, तर बूट करताना 'puppy pfix=ram' टाइप करा; जुनं काही न वाचता मूळ पपी उघडेल.