‘ईव्हीची विक्री दुप्पट’ वाचून गाडी बुक करण्याआधी

२०२५ च्या गुढीपाडव्याला आठ दिवस होते, तेव्हा सिन्नरहून माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, एका बातमीत ईव्हीला तुफान मागणी आहे, दुसरीत मागणी थंडावली आहे. मला पाडव्याला गाडी घ्यायची आहे. खरं काय धरू?" बातम्या एकाच आठवड्यातल्या होत्या, आणि मी पाहिल्या तर दोन्ही खऱ्या होत्या. नाशिकच्या एका शोरूममध्ये अकरा वर्षं मी हिशेबाच्या टेबलावर बसले, त्यामुळे हे आकडे कुठून निघतात ते मला ठाऊक आहे. रविवारी भाऊजींना घरी बोलावलं, लॅपटॉप आणि एक वही समोर ठेवली. त्या दिवशी त्यांना जे दाखवलं तेच, नंतरच्या काही तारखा आणि आकड्यांची भर घालून, इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी आकडा कोणाचा आहे ते बघा. दर मार्चअखेर आमच्याकडे रात्री अकरानंतरही कंटेनर यायचे. गाड्या यार्डात उतरायच्या, सीटवर प्लास्टिक, काचेवर चुन्याने लिहिलेला नंबर, चाकांना प्रवासाची धूळ. कंपनीच्या खात्यात त्या गाड्या त्याच रात्री ‘विकल्या’ जायच्या. गिऱ्हाईक मात्र कुणी मे महिन्यात यायचं, कुणी जूनमध्ये. ‘सियाम’ या उत्पादकांच्या संघटनेचे आकडे असे असतात: कारखान्यातून डीलरकडे किती माल निघाला. ‘फाडा’ या डीलरांच्या संघटनेचे आकडे आरटीओतल्या नोंदणीवर चालतात, म्हणजे किती गाड्या खरोखर कुणाच्या तरी दारात गेल्या. गिऱ्हाइकाची मागणी बघायची असेल तर नोंदणीचा आकडा धरा. आणि पाठवलेल्या गाड्या सलग तीन-चार महिने नोंदणीपेक्षा जास्त दिसल्या, तर यार्ड भरत चाललं आहे आणि सूट येऊ घातली आहे असं समजा. माझ्या नणंदेने जानेवारी २०२४ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पुढच्याच महिन्यात तीच गाडी लाखभराने स्वस्त झाली. तिला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि त्याची मला आजही चुटपुट आहे.

नोंदणीचा आकडा तुम्हाला घरबसल्या मिळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर जा. राज्य महाराष्ट्र निवडा, मग तुमचं आरटीओ. आम्ही नाशिक, एमएच १५ घेतलं. आडव्या बाजूला महिने, उभ्या बाजूला इंधन. प्रत्येक बदलानंतर रिफ्रेशचं बटण दाबावं लागतं, नाहीतर आधीचाच तक्ता दिसत राहतो आणि आपण चुकीचे आकडे उतरवून घेतो. वाहनाच्या प्रकारात फक्त ‘मोटर कार’वर खूण करा. ‘मोटर कॅब’ वेगळी काढून बघा, कारण एखाद्या टॅक्सी कंपनीने एकदम दोनशे गाड्या घेतल्या तर त्या महिन्याचा आकडा फुगतो आणि त्याचा तुमच्या शेजाऱ्याच्या मागणीशी काही संबंध नसतो. इंधनाच्या यादीत ‘इलेक्ट्रिक बीओव्ही’ आणि ‘प्युअर ईव्ही’ अशा दोन ओळी असतात, त्यांची बेरीज करायची. ‘पेट्रोल हायब्रिड’ या ओळीला मात्र हात लावू नका. छोट्या बॅटरीची मदत घेणाऱ्या साध्या पेट्रोल गाड्याही तिच्यात बसतात.

हे इतकं खोलात का जायचं? बातमीतला ‘ईव्ही’ हा शब्द सगळं एकाच पोत्यात भरतो म्हणून. २०२४ मध्ये देशात सुमारे साडेएकोणीस लाख इलेक्ट्रिक वाहनं नोंदली गेली. बहुतेक स्कूटर आणि ई-रिक्षा. मोटारी होत्या जेमतेम एक लाखाच्या आसपास. त्या वर्षी विकलेल्या शंभर मोटारींमागे इलेक्ट्रिक अडीच. मूळ आकडा इतका लहान असला की टक्केवारी लगेच उडी मारते. समजा तालुक्यात चारच्या आठ गाड्या झाल्या, तर ती शंभर टक्के वाढ. म्हणून वहीत टक्केवारीच्या शेजारी गाड्यांची संख्याही लिहायची, हा नियम भाऊजींना मी पहिल्यांदा शिकवला.

आता महिने. इथे आपलं पंचांग लागतं. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ चा ३० मार्चला. पाडव्याच्या गाड्या एका वर्षी एप्रिलमध्ये पडल्या, दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये. दोन मार्चची तुलना केली तर उगाचच वाढ दिसणार. दिवाळीचंही तेच. २०२३ मध्ये धनत्रयोदशी नोव्हेंबरात होती, २०२४ मध्ये ऑक्टोबरात. पितृपक्षात आमच्या शोरूमला अक्षरशः शुकशुकाट असायचा, त्याला ‘मागणी घसरली’ म्हणणं चूक आहे. तीन-तीन महिन्यांची बेरीज घ्या, किंवा सरळ बारा महिने मागच्या बारा महिन्यांशी ताडून बघा.

याहून मोठी उलथापालथ करतं सरकार, आणि ते नीट पाहायचं तर जर्मनीकडे बघावं. तिथे प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोलवरही चालणाऱ्या पण बॅटरी प्लगला लावून चार्ज करता येणाऱ्या गाड्यांचं, अनुदान २०२२ च्या अखेरीस संपलं. त्या वर्षी सुमारे ३.६ लाख प्लग-इन विकल्या गेल्या होत्या, पुढच्या वर्षी पावणेदोन लाख. मग डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांचं अनुदानही अचानक थांबलं, आणि २०२४ मध्ये त्यांची विक्री ५.२४ लाखांवरून ३.८१ लाखांवर आली. ‘युरोपात ईव्ही फसली’ अशा बातम्या आपल्याकडेही फिरल्या. २०२५ मध्ये तोच आकडा पुन्हा पाच लाखांच्या वर गेला. लोकांनी गाडी नाकारली नव्हती. अनुदान जाण्याआधी घाई झाली, म्हणून नंतर खड्डा पडला. आपल्याकडेही अशा तारखा आहेत, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना. आणि २२ सप्टेंबर २०२५, बरोबर घटस्थापनेला, लहान पेट्रोल गाड्यांवरचा एकूण कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला. ईव्ही ५ वरच राहिली, म्हणजे दोघींच्या करातलं अंतर कमी झालं. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे महिने एका रांगेत मोजू नका.

नवीन मॉडेलचंही ध्यान ठेवायचं. भाऊजींनी फोन केला त्याच सुमारास चाकणला बनलेल्या महिंद्राच्या दोन नव्या इलेक्ट्रिक गाड्या गिऱ्हाइकांना मिळायला लागल्या होत्या, आणि एमजीची विंडसर आधीच्या सप्टेंबरपासून बाजारात होती. डॅशबोर्डवर उभ्या बाजूला इंधनाऐवजी कंपनी निवडलीत की कळतं, वाढ सगळीकडे आहे की एकाच कंपनीची आहे. एकाच कंपनीच्या नव्या गाडीमुळे असेल तर वर्षभर थांबून त्या गाडीची दुसरी दिवाळी बघावी असं माझं मत.

प्लग-इन हायब्रिडबद्दल थोडक्यात. चीनच्या बातम्यांतली ‘नवऊर्जा वाहनं’ म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक आणि प्लग-इन दोन्ही मिळून. २०२४ मधल्या सुमारे १.२९ कोटींपैकी ५१ लाख प्लग-इन होत्या. आपल्याकडे ही गाडी महागड्या वर्गातच सापडते आणि मोठ्या प्लग-इनवर ४० टक्के कर आहे. शिवाय ती रोज प्लगला लावली तरच पैसे वसूल. युरोपीय आयोगाच्या अहवालात प्रत्यक्ष रस्त्यावर या गाड्यांचं उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघालं, कारण लोक त्या गृहीत धरलं होतं तितक्या चार्ज करत नाहीत. सिन्नरच्या माणसाने तिथले कल इथे लावायचं कारण नाही.

भाऊजींची वही दोन तासांत भरली: आमच्या आरटीओचे चोवीस महिने, कंपनीनिहाय. त्यांना हव्या असलेल्या कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्या दर महिन्याला थोड्याथोड्या, पण न थांबता नोंदल्या जात होत्या. मला उड्यांपेक्षा हे जास्त आवडतं. ज्या गाडीला गावात सातत्याने गिऱ्हाईक आहे तिचा मेकॅनिक तयार होतो, सुटे भाग येतात आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर घेणारा भेटतो. मग मी त्यांना रोजचं अंतर विचारलं. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, आणि दारात स्वतःची पार्किंग. एवढ्यावर गाडी घ्यायला हरकत नव्हती.

पाडव्याला मात्र मी बुक करू दिली नाही. मार्च संपायला आला होता आणि शोरूमवाल्यांना टार्गेटची घाई होती. भाऊजींना मी दोन प्रश्न लिहून दिले: चासी नंबरप्रमाणे गाडी कोणत्या महिन्यात बनली, आणि यार्डात तिच्यासारख्या आणखी किती उभ्या आहेत. उत्तर लेखी मागायचं. दाखवलेली गाडी चार महिन्यांपूर्वीची निघाली. तिच्यावर आधी ‘काहीच सूट नाही’ म्हणणाऱ्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटी आणि चार्जर बसवण्याचा खर्च स्वतःकडे घेतला. दरम्यान घरात अर्थिंग नवीन करून घेतलं, मीटरचा भार वाढवून घेतला, आणि अक्षय्य तृतीयेला गाडी दारात आली.