सिग्नल आणि इमेज प्रोसेसिंगसाठी मोफत साधनं: कुठे शोधायची आणि हाती आल्यावर काय तपासायचं

माझं पहिलं संशोधन ईसीजीवर होतं. हृदयाचे ठोके ओळखायचे आणि त्यातले नेहमीचे कोणते, बिघडलेले कोणते हे प्रोग्रॅमकडून वेगळं करून घ्यायचं. कुठल्याही ग्रंथालयाचं सदस्यत्व हाताशी नव्हतं. पेपर, डेटा, कोड, सगळं इंटरनेटवर फुकट मिळेल तेवढंच. तिसऱ्या आठवड्यात प्रोग्रॅमनं 99 टक्क्यांच्या वर अचूकता दाखवली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. ते आकडे खोटे होते हे कळायला पुढचे पाच महिने गेले. जे वाचलं असतं तर ही चूक झाली नसती, ते डेटाच्या मूळ पानावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. म्हणून साधनं कुठे मिळतात एवढंच सांगून मी थांबणार नाही. सापडलेली वस्तू कुठून आली आहे ते वाचायला शिकणं, हे माझ्या मते शोधण्यापेक्षा मोठं काम आहे.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

सर्च इंजिनमध्ये नुसतं 'इमेज डीनॉइझिंग' (चित्रातला नॉइज, म्हणजे नको असलेले दाणे, घालवणं) टाकलं तर आयुष्यभर पुरेल एवढं सापडतं आणि उपयोगाचं त्यातलं थोडंच असतं. त्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: सिग्नल कुठल्या यंत्रातून येतो, तो कशामुळे बिघडला आहे, त्यातून तुम्हाला काय हवं आहे, आणि उत्तर बरोबर आलं हे कसं मोजणार.

उदाहरणार्थ, 'मोबाइलनं कमी उजेडात काढलेल्या फोटोतला नॉइज घालवायचा आहे' असं लिहिलंत, तर स्वच्छ फोटोवर संगणकानं गाउसियन नॉइज (ठरलेल्या सूत्रानं बनवलेला कृत्रिम नॉइज) शिंपडून केलेले प्रयोग तुमच्यासाठी पुरेसे नाहीत, हे लगेच ध्यानात येतं. कॅमेऱ्यातला खरा नॉइज उजेडानुसार बदलतो आणि फोटो तयार होईपर्यंतच्या प्रक्रियेत त्याचं रूपही पालटतं. मग तुम्ही 'स्मार्टफोन', 'रिअल नॉइज', 'रॉ' (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली फाइल) हे शब्द जोडता आणि एसआयडीडी (स्मार्टफोन इमेज डीनॉइझिंग डेटासेट) नावाच्या डेटासेटपाशी पोहोचता. त्यात 5 फोनच्या कॅमेऱ्यांनी 10 दृश्यांचे वेगवेगळ्या उजेडात घेतलेले सुमारे 30,000 नॉइजी फोटो आहेत.

पेपर

पहिला थांबा अर्काइव्ह (arXiv), संशोधक आपले पेपर जिथे मोफत ठेवतात तो ऑनलाइन संग्रह. नावाचा उच्चार 'अर्काइव्ह'च, पण स्पेलिंगमध्ये सी-एच ऐवजी एक्स. 1991 पासून चालू असलेल्या या संग्रहात आपल्या विषयाला स्वतंत्र घर 2017 मध्ये मिळालं. ई-ई-एस-एस (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग अँड सिस्टिम्स सायन्स) या विभागात एस-पी म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग, आय-व्ही म्हणजे इमेज आणि व्हिडिओ, ए-एस म्हणजे ऑडिओ आणि स्पीच. 2017 च्या आधीचं काम या नावाखाली शोधून सापडणार नाही. ते कॉम्प्युटर व्हिजन, साउंड, इन्फर्मेशन थिअरी अशा जुन्या विभागांत विखुरलेलं आहे. इथले पेपर तज्ज्ञांनी तपासलेले असतीलच असं नाही, आणि एकाच पेपरच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. मी शेवटची आवृत्ती वाचते आणि पहिल्या आवृत्तीतले निकालांचे तक्ते शेजारी ठेवून पाहते. मधल्या काळात कोणता आकडा खाली आला, यावरून पद्धत कुठे नाजूक आहे ते दिसतं.

पेपर विकत घ्या असं पान समोर आलं की गुगल स्कॉलरवर त्याच नोंदीखालचा 'सर्व आवृत्त्या' हा दुवा उघडा. बरेचदा लेखकाच्या स्वतःच्या पानावर तोच पेपर ठेवलेला असतो. अनपेवॉल हे ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन हेच काम आपणहून करतं आणि कायदेशीररीत्या मोकळ्या असलेल्या प्रतीच दाखवतं. कॉम्प्युटर व्हिजनच्या सीव्हीपीआर आणि आयसीसीव्ही या परिषदांचे 2013 पासूनचे पेपर सीव्हीएफच्या (कॉम्प्युटर व्हिजन फाउंडेशन) संग्रहात मोफत आहेत. आवाजावर काम करणाऱ्यांसाठी इंटरस्पीच या परिषदेचे पेपर आयएससीए या स्पीच संशोधकांच्या संस्थेच्या संग्रहात आहेत. कुठेच काही मिळालं नाही तर लेखकाला चार ओळींची ईमेल लिहा. मी लिहिलेल्या बहुतेक ईमेलना उत्तर आलं, आणि दोनदा तर पेपरसोबत कोडही आला.

इथे एका जागेबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ती फार कमी जणांना ठाऊक असते. इमेज प्रोसेसिंग ऑनलाइन, म्हणजे आयपीओएल, हे असं नियतकालिक आहे जिथे लेखाबरोबर कोडही तपासला जातो. लेखात लिहिलेली कृती आणि कोडमधली कृती जुळते का, हे परीक्षक पाहतात. प्रत्येक लेखाला जोडून ऑनलाइन डेमो असतो. आपला फोटो चढवायचा, पॅरामीटर बदलायचे आणि निकाल तिथेच पाहायचा. नॉन-लोकल मीन्स ही नॉइज काढण्याची पद्धत मी तीन पेपर वाचूनही नीट समजले नव्हते. शेजारच्या पिक्सेलऐवजी चित्रात दूरवर असलेल्या, पण सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांची सरासरी घ्यायची, एवढीच तिची कल्पना. आयपीओएलवर एका विटांच्या भिंतीच्या फोटोवर आणि एका वाळूच्या फोटोवर ती चालवून पाहिली. विटा एकमेकींसारख्या, म्हणून भिंत स्वच्छ झाली आणि कडा शाबूत राहिल्या. वाळूला मात्र आपल्यासारखा तुकडाच मिळेना, ती पुसट झाली. पद्धत कुठे चालते आणि कुठे नाही, हे वीस मिनिटांत डोळ्यांना दिसलं. नवी पद्धत शिकताना आधी इथे शोधा, मग बाकी सगळीकडे.

डेटा, आणि माझी चूक

शरीरातून येणाऱ्या सिग्नलसाठी फिजिओनेट. 1999 पासून चालू असलेल्या या संग्रहात ईसीजी, मेंदूचा ईईजी, श्वास, चाल असं बरंच काही आहे. त्यातला एमआयटी-बीआयएच अॅरिथमिया (हृदयाचे अनियमित ठोके) डेटाबेस घेऊन मी सुरुवात केली: 48 रेकॉर्ड, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचं, दोन चॅनेल, सेकंदाला 360 सॅम्पल (मोजमापं), आणि ठोक्याठोक्याला तज्ज्ञांनी लावलेलं लेबल.

मी काय केलं, तर सगळे ठोके एकत्र मिसळले, 80 टक्के प्रोग्रॅमला शिकवायला घेतले आणि 20 टक्के परीक्षेला ठेवले. म्हणजे ज्या माणसाचे ठोके शिकवले, त्याचेच उरलेले ठोके परीक्षेत विचारले. प्रोग्रॅमला त्या माणसाची ओळख पटत होती, आजाराची नव्हे. चूक कळल्यावर मी रेकॉर्डनुसार विभागणी केली, तरी एक भोक राहिलंच. रेकॉर्ड 48 आहेत, पण माणसं 47. क्रमांक 201 आणि 202 ही दोन्ही रेकॉर्ड एकाच माणसाची आहेत. हे त्या डेटाबेसच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी मात्र डेटा एका भलत्याच ठिकाणाहून उतरवला होता, जिथे कुणीतरी ठोके कापून, नीट तक्त्यात भरून ठेवले होते. त्या तक्त्यात माणसांचे क्रमांकच नव्हते.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, जी वाचून मी थक्क झाले. विजेच्या तारांमुळे येणारा गुणगुणाट या रेकॉर्डमध्ये 60 हर्ट्झला सापडतो, कारण हे काम अमेरिकेत झालं आणि तिथली वीज 60 हर्ट्झची आहे. तुमच्याकडे वीज 50 हर्ट्झची असेल आणि सवयीनं तुम्ही 50 चा नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) लावलात, तर नको ते कापाल आणि नॉइज तसाच राहील. काही रेकॉर्डमध्ये तर हा नॉइज 30 हर्ट्झला आहे. मूळ टेप दुप्पट वेगानं वाजवून डिजिटल केल्या होत्या आणि नॉइज वाजवताना शिरला होता, म्हणून खऱ्या वेळेच्या हिशेबात तो निम्म्या फ्रिक्वेन्सीवर दिसतो. असं ज्ञान कुठल्याही स्पेक्ट्रमकडे (फ्रिक्वेन्सींच्या आलेखाकडे) टक लावून मिळत नाही. कुणीतरी ते जपून लिहून ठेवलं आहे, आपण ते वाचायला हवं.

म्हणून डेटा घेताना मी आता या क्रमानं जाते. सापडलेल्या प्रतीवरून मूळ पान शोधते. त्या पानावर तीन प्रश्न विचारते: किती माणसं, यंत्रं किंवा ठिकाणं आहेत? एकाच उगमातले तुकडे कोणते, हे दिलं आहे का? आणि मोजमापाचं एकक काय? एमआयटी-बीआयएचमध्ये 200 युनिट म्हणजे 1 मिलिव्होल्ट आणि शून्याची रेघ 1024 वर असते. हे हेडर फाइलमध्ये (रेकॉर्डसोबतची माहितीची फाइल) असतं आणि डब्ल्यूएफडीबी नावाची मोफत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ते आपोआप लावते. तक्त्यात भरलेल्या प्रतीत ते हरवतं.

आवाजांच्या बाबतीत हाच धडा ईएससी-50 मध्ये मिळतो. 50 प्रकारचे 2,000 आवाज, प्रत्येक 5 सेकंदांचा, आणि 5 गटांत आधीच विभागलेले. एकाच मूळ ध्वनिमुद्रणातले तुकडे एकाच गटात ठेवले आहेत. ते गट मोडून स्वतःची सरमिसळ केलीत तर माझ्यासारखेच फसाल. बोलण्याच्या आवाजासाठी लिब्रिस्पीच हा सुमारे 1,000 तासांचा इंग्रजी संच आहे. अनेक भाषा हव्या असतील तर मोझिलाचा कॉमन व्हॉइस.

चित्रांमध्ये फाइलचा प्रकार आधी पाहा. बर्कलीचा बीएसडीएस-500 हा आकृती वेगळ्या करण्यासाठी उत्तम संच आहे, माणसांनी हातानं रेघा ओढून दिल्या आहेत. पण त्यातले फोटो जेपीईजी आहेत, म्हणजे फाइल लहान करताना पडलेल्या 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटींचे अवशेष त्यांत आधीच आहेत. कॉम्प्रेशनवर किंवा अगदी बारीक नॉइजवर काम असेल तर कोडॅकचे 24 फोटो बरे, ते पीएनजी स्वरूपात मिळतात. उपग्रहाची चित्रं हवी असतील तर सेंटिनेल-2 आणि लँडसॅट, दोन्ही मोफत.

एक आर्जव. जुन्या पेपरांमध्ये लेना नावाच्या तरुणीचं चित्र जागोजागी दिसेल. ते 1972 च्या एका मासिकातून कापून घेतलेलं आहे, आणि आपलं चित्र आता वापरू नये असं तिनं स्वतः सांगितलं आहे. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी 1 एप्रिल 2024 पासून ते चित्र असलेले नवे पेपर घेत नाही. सायकिट-इमेज ही पायथनमधली चित्रांची मोफत लायब्ररी उघडा, त्यात अंतराळवीर आयलीन कॉलिन्स यांचं नासानं काढलेलं छायाचित्र सोबतच येतं. त्यात चेहरा, पोत, कडा, रंग सगळं आहे.

कोड

पायथन वापरत असाल तर सायपायमधला सिग्नल विभाग, सायकिट-इमेज, ओपनसीव्ही आणि आवाजासाठी लिब्रोसा, एवढ्यावर बहुतेक कामं निभावतात. मॅटलॅब या विकतच्या प्रोग्रॅमच्या वळणाचा कोड चालवायचा असेल तर ऑक्टेव्ह. सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसाठी फिजी. मात्र ही साधनं गप्प राहून काही निर्णय घेतात आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवेत.

लिब्रोसा फाइल उघडतानाच सॅम्पलिंग 22,050 हर्ट्झवर आणते आणि दोन चॅनेलचं एक करते. नको असेल तर तसं सांगावं लागतं. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या उलट्या क्रमानं देते आणि न सांगता 16 बिटचं चित्र 8 बिटवर आणते. क्ष-किरण चित्रांवर काम करणाऱ्याचा यात अर्धा जीव जातो. चित्र लहान करताना मॅटलॅब आधी बारीक तपशील मऊ करून घेतं, ओपनसीव्हीची बायक्युबिक (चित्राचा आकार बदलण्याची एक रीत) पद्धत तसं करत नाही. त्यामुळे सुपर-रिझोल्यूशनवरचे (लहान चित्रातून मोठं, तपशीलवार चित्र बनवणं) दोन पेपर 'बायक्युबिक' हाच शब्द वापरूनही वेगवेगळ्या परीक्षेला बसलेले असू शकतात.

एसएसआयएमचं (दोन चित्रं किती सारखी दिसतात याचं) मोजमाप तर दर दुसऱ्या पेपरात असतं. 2004 च्या मूळ पेपरात 11 बाय 11 पिक्सेलची गाउसियन खिडकी (मधल्या पिक्सेलना जास्त वजन देणारी) आहे, सायकिट-इमेज न सांगता 7 बाय 7 ची साधी खिडकी घेते. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडायचा तर सायकिट-इमेजच्या पर्यायांमध्ये गाउसियन वेट चालू करा, सिग्मा 1.5 ठेवा, सॅम्पल कोव्हेरियन्स बंद करा आणि डेटा रेंज स्वतः लिहा.

गिटहबवर कोड दिसतो म्हणजे तो वापरायची मुभा आहे, असं नव्हे. लायसन्सची फाइल नसेल तर हक्क लेखकाकडेच असतात. विचारा, बहुतेक जण आनंदानं लायसन्स जोडतात.

शिकायचं असेल तर

पाया कच्चा वाटत असेल तर अॅलन ओपनहाइम यांची सिग्नल्स अँड सिस्टिम्सची 1987 ची व्याख्यानं एमआयटी ओपनकोर्सवेअरवर आहेत. फळ्यावरची ती संथ मांडणी मला आजही सगळ्यात स्पष्ट वाटते. आवाजासाठी स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांनी आपली पुस्तकं पूर्णपणे ऑनलाइन ठेवली आहेत. एका वेळी एकच धरा आणि संपवा.

सापडलेलं जपून ठेवा

मोफत गोष्टी नाहीशाही होतात. पेपर आणि त्यांचा कोड जोडून दाखवणारी पेपर्स विथ कोड ही साइट आम्ही सगळे गृहीत धरून होतो, ती 2025 मध्ये बंद झाली. मेलेला दुवा आला की इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून पाहा. स्वतःचा डेटा किंवा कोड ठेवायचा असेल तर झेनोडोवर ठेवा. युरोपातली सर्न ही संशोधन संस्था ते चालवते आणि प्रत्येक आवृत्तीला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो.

प्रत्येक डेटासेटच्या फोल्डरमध्ये मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते: मूळ पानाचा पत्ता, उतरवल्याची तारीख, आवृत्ती, लायसन्स, फाइलचा एसएचए-256 चेकसम (फाइल बदलली का हे दाखवणारी खूण), आणि मूळ पानावर वाचलेल्या अडचणी जशाच्या तशा. एमआयटी-बीआयएचच्या फाइलमध्ये पहिली ओळ आहे, '201 आणि 202 एकाच बाजूला.' त्याखाली पेसमेकरचे ठोके असलेली चार रेकॉर्ड लिहिली आहेत: 102, 104, 107, 217. ती मी वेगळी ठेवते.