दुकानदारांचा सत्कार करायचाय? आधी उधारी फेडा

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, डोंगराच्या बगलेला. १९८१ ते २०२५ मी इथे टपाल वाटलं, त्यामुळे कुठल्या दुकानाची फळी किती वाजता उघडते हे मला पाठ आहे. गेल्या तीन जत्रांना आम्ही गावातल्या दुकानदारांचा मान करतोय. शेजारच्या गावांतले लोक विचारतात, कसं करता? म्हणून लिहून ठेवतो, आमच्या चुकांसकट.

यादी पंचायतीत बसून करू नका. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं आणि सहा नावं निघाली, सगळी पाटी असलेल्या दुकानांची. दुसऱ्या वर्षी मी पहिल्या एसटीपासून रात्री दिवे मालवेपर्यंत गावातून हिंडलो. स्टँडवरची चहाची टपरी, पंक्चरवाला, ओट्यावर मशीन मांडून ब्लाउज शिवणारी, फक्त मंगळवारी खुर्ची टाकणारा न्हावी, पाटीत सुकट-बोंबील घेऊन बसणारी म्हातारी, पावसाळ्याआधी विळ्या-कोयत्यांना धार लावून देणारा लोहार. मोजली तर सतरा भरली.

मग प्रत्येकाबद्दल गिऱ्हाइकाला एकच विचारायचं: हे दुकान महिनाभर बंद राहिलं तर तुमचं काय अडेल? दुकानदाराला विचारू नका, तो "काय नाय ओ, चाललंय" म्हणून मोकळा होतो. गिरणीबद्दल एक आजी म्हणाली, "चार किलोमीटर दळणाचा डबा डोक्यावर तू नेणार का?" झालं. हेच वाक्य कार्यक्रमात वाचायचं.

किराणा दुकानाबद्दल मात्र कुणाला विचारायची गरज नव्हती, ते मीच पाहिलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि आमच्याकडे घरटी एक तरी माणूस गिरणीत. त्याआधी पगार झाले की माझी पिशवी मनिऑर्डरींनी भरायची, आणि त्यातले निम्मे पैसे दुपारपर्यंत आण्णांच्या गल्ल्यात जायचे. संप लांबला, मनिऑर्डरी आटल्या, पाठोपाठ माणसंच ट्रंका घेऊन परत आली. आण्णांनी वही मिटली नाही. तेल, मीठ, चहापावडरीची पुडी द्यायचे आणि म्हणायचे, "मांडून ठेवतो." काही खाती दहा वर्षांनी फिटली. काही फिटलीच नाहीत. आता गल्ल्यावर त्यांचा नातू बसतो. व्यासपीठावर हे सांगा. "समाजसेवेचा वसा" वगैरे म्हणालात तर लोक चपला शोधायला लागतात.

आता उधारी. दुसऱ्या वर्षी शाल घालताना एक दुकानदार माझ्या कानात म्हणाला, "शाल राहू द्या, समितीकडचं निम्मं तरी येऊ द्या." लाज वाटली. माझंच खातं १,८४० रुपयांचं होतं, आणि समितीत मी काही सगळ्यात मोठा नव्हतो. तेव्हापासून नियम केला: जत्रेआधी पंधरा दिवस समितीतल्या प्रत्येकाने आपलं खातं गुपचूप मिटवायचं, मगच निमंत्रण द्यायला जायचं. मुंबई-पुण्याच्या पोरांनाही फोन करून सांगा, आईबापाचं खातं विचारा आणि पैसे टाका. पण वही मागू नका, आकडे बघू नका, कुणी फेडले नि कुणी नाही याची चर्चा तर अजिबात नको. ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडे नाहीत. त्याला दुकानदाराने समजून घेतलंय, आपण मध्ये पडणारे कोण?

वेळ नीट निवडा. पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी सहाला ठेवला. नेमकी दळणाची वेळ. गिरणीवाला पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांनी आला, नारळ घेतला आणि दहा मिनिटांत पळाला. जत्रेच्या दिवशी तर दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. आता आम्ही दुसऱ्या दिवशी, कुस्त्या संपल्यावर ठेवतो. तेवढा वेळ तालमीतली पोरं दुकानं सांभाळतात. पोरांना भाव आधी लिहून द्या, गेल्या खेपेला एकाने खोबरं निम्म्या किमतीत विकलं.

द्यायचं काय? शाल-श्रीफळाचे पैसे दुसरीकडे वळवा. गिरणीच्या दगडाला आम्ही टाकी मारून दिली. शिवणाऱ्या बाईच्या ओट्यावर ट्यूबलाइट लावली. टपरीला नवी ताडपत्री. किराणावाल्याचा तराजू तालुक्याला नेऊन त्यावर वजनमापाचा शिक्का मारून आणला, त्याचा एक दिवसाचा खाडा वाचला. न्हाव्याला विचारलं तर म्हणाला आरसा द्या, सरळ दिसणारा.

भाषण गिऱ्हाईक करेल, दोन मिनिटं. पुढाऱ्यांना नारळ फोडायला द्या आणि पहिल्या रांगेत बसवा.

सत्कार झाला, की महाप्रसादाची यादी काढा. आमची सगळी खरेदी कराडहून व्हायची. सगळं गावातूनच घ्या असं मी म्हणत नाही. पोत्याने घ्यायची साखर-डाळ कराडला स्वस्त पडते, आणि वर्गणीचा पैसा लोकांचा असतो. पण भाव आधी गावात विचारा. गूळ, हळद, पत्रावळ्या आणि आचाऱ्याचा चहा आता इथूनच जातो.

आणि फेरी दरवर्षी नव्याने मारा. यंदा सुकटवाल्या आजीचं नाव गेलं, पाटी रिकामी आहे. एक वाढलंही: मुंबईहून परत आलेल्या एका सुनेने घरातच नाचणीचे पापड आणि लोणची विकायला सुरुवात केलीय. दारावर बोर्ड नाही. रंगाचा डबा मी आणून ठेवलाय, नाव काय लिहायचं यावर घरात अजून एकमत व्हायचंय.