रक्ताच्या मागणीचा संदेश कसा लिहावा आणि कसा थांबवावा

नात्यातल्या कोणाला रक्ताची गरज लागली, की हात आधी व्हॉट्सॲपकडे जातो. रक्तदात्यांच्या एका गटाचे काम करताना असे संदेश मी सतत वाचतो, आणि नीट लिहिलेल्या संदेशाने रुग्णाचे किती भले होते हेही पाहतो. मात्र संदेश लिहिण्यापूर्वी रुग्णालयाच्या रक्तपेढीत चौकशी करावी. तिथे हव्या त्या गटाचे रक्त नसेल, तर डॉक्टरांच्या सहीचे मागणीपत्र आणि रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेऊन ते दुसऱ्या पेढीतून आणता येते. कोणत्या पेढीत किती साठा आहे, हे केंद्र शासनाच्या ई-रक्तकोश या संकेतस्थळावर दिसते. तेथील आकडा पाहिल्यावर पेढीला फोन करून खात्री करावी आणि मगच निघावे.

नेमके काय हवे आहे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, कारण ‘रक्त हवे आहे’ एवढ्याने दात्याला काहीच कळत नाही. वापरलेल्या पिशवीच्या बदल्यात पेढीला दाता हवा असेल, तर तो कोणत्याही गटाचा चालतो. हे न लिहिल्यामुळे दुर्मीळ गटाच्या शोधात घरच्यांचा दिवस वाया जातो. प्लेटलेटची गोष्ट निराळी आहे. त्या जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे डेंग्यूच्या दिवसांत त्यांची चणचण भासते. ‘एसडीपी’ म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट यंत्राद्वारे काढायच्या असतील, तर त्या दात्याला तास-दीड तास किंवा त्याहून अधिक वेळ बसावे लागते आणि त्याने आधीचे 3 दिवस ॲस्पिरिन घेतलेले नसावे. या दोन्ही गोष्टी संदेशातच लिहिल्या, तर माणूस पेढीच्या दारातून परत जात नाही. सर्वसाधारण रक्तदानासाठी वय 18 ते 65 दरम्यान, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असावे, मागील रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत 3 आणि स्त्रियांच्या बाबतीत 4 महिने झालेले असावेत.

संदेश असा असावा: ‘दि. 14 ऑगस्ट, सकाळी 10 वाजता लिहिलेला संदेश. बी पॉझिटिव्ह गटाचा एक एसडीपी दाता हवा आहे. तास-दीड तास किंवा अधिक वेळ बसावे लागेल, आधीचे 3 दिवस ॲस्पिरिन घेतलेले नसावे. ठिकाण: पुणे, अमुक रुग्णालयाची रक्तपेढी. संपर्क: रुग्णाच्या भावाचा नंबर. आज सायंकाळी 6 नंतर फोन करू नये आणि हा संदेश पुढे पाठवू नये.’ यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकदा आमच्या गटात आलेल्या, तारीख नसलेल्या संदेशावरील नंबरला मी रात्री फोन केला. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, “ते जाऊन वर्ष झालं. फोन मात्र अजून येतात.” त्या दिवसापासून तारीख नसलेला संदेश मी पुढे पाठवत नाही, आणि कोणीही पाठवू नये.

रुग्णाचे छायाचित्र, आजाराचे नाव किंवा तपासणीचा अहवाल संदेशासोबत जोडू नये. दात्याला त्याची गरज नसते, आणि एकदा पसरलेली ही माहिती रुग्ण बरा झाल्यावरही परत घेता येत नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या व्यक्तीऐवजी बाहेरची धावपळ करणाऱ्या नातेवाइकाचा नंबर द्यावा. प्रवासखर्चाच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये. पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. पेढी आकारते ते तपासणीचे व प्रक्रियेचे शुल्क वेगळे, आणि त्याची पावती मिळते.

संदेश दूरवर पसरवणे खरोखर आवश्यक ठरते ते दुर्मीळ गटासाठी. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत नोंदवलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटू शकतो, परंतु या रुग्णाला ओ गटाचे रक्त चालत नाही, त्याच गटाचे लागते. असा दाता दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही असू शकतो, म्हणून तिथे गावोगावच्या रक्तदाता गटांना कळवावे.

दाता मिळताच, रुग्णाजवळ परतण्यापूर्वीच, जिथे जिथे संदेश टाकला होता तिथे ‘गरज भागली आहे, कृपया मूळ संदेश काढून टाकावा’ असे लिहावे. व्हॉट्सॲपवर संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुमारे दोन दिवसांची असते. तेवढ्यात आपला संदेश पुसावा, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनाही एकेकाला फोन करून तसे सांगावे.