गाण्याच्या तालावर नाचणारी लायटिंग घरी करताय? आधी या चुका टाळा

सणाच्या आदल्या रात्री गेटवरची माळ वेड्यासारखी लुकलुकायला लागली की आपण काय करतो, लॅपटॉप उघडतो. गाणं बदलून बघतो, सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो, सेटिंगमध्ये दिसेल ते बटण दाबतो, आणि पहाटे तीनला कळतं की लोचा वायरमध्ये होता. मी हे सगळं करून बसलोय म्हणून सांगतो, अशा लायटिंगमध्ये जे बिघडतं त्यातलं निम्म्याहून जास्त पॉवर आणि डेटाच्या वायरीतच बिघडतं, ताल वगैरे फार पुढची गोष्ट आहे. त्यामुळे लॅपटॉपच्या आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, हातात घ्या. नसेल तर पहिली खरेदी तीच.

हा लेख पिक्सेल माळांबद्दल आहे, म्हणजे डब्ल्यूएस२८११ किंवा डब्ल्यूएस२८१२बी चिपवाल्या, ज्यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो. गाण्यावर इफेक्ट बसवायला बहुतेक लोक एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर वापरतात, ते फुकट आहे, आणि शो चालवायला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर फाल्कन प्लेयर हे सॉफ्टवेअर. छोट्या सेटअपला ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर टाकलं तरी भागतं.

टेबलावर चालतं, भिंतीवर चालत नाही

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ईएसपी३२ घेतला, त्याची डेटाची पिन थेट माळेला जोडली, जुन्या मोबाईल चार्जरवरून पाच व्होल्ट दिले, आठवडाभर टेबलावर मस्त चाललं. मग वाटलं आता खरा दणकट पॉवर सप्लाय लावू. लावला, आणि माळेचं डोकंच फिरलं, मध्येच हिरवे ठिपके, मध्येच सगळं पांढरं, मध्येच एकदम शांत. नवा सप्लायच खराब आहे असं धरून मी तो बदलून आणला, तरी तेच.

शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा ट्यूब पेटली. डब्ल्यूएस२८१२बी चिपला डेटाचा सिग्नल 'हाय' आहे हे कळायला तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या ०.७ पट तरी व्होल्टेज लागतं. पाच व्होल्टवर ते होतात ३.५, आणि ईएसपी३२ देतो ३.३. म्हणजे कागदावर हे चालायलाच नको होतं. मग टेबलावर कसं चाललं, तर तो जुना चार्जर माळ पेटली की ४.६ व्होल्टवर घसरत होता, ४.६ चे ०.७ पट म्हणजे ३.२२, आणि ३.३ त्याच्या जेमतेम वर. म्हणजे खराब चार्जरमुळे माळ चालत होती आणि चांगल्या सप्लायमुळे बिघडली!

उपाय सोपा आहे, मध्ये लेव्हल शिफ्टर (३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप) टाका, ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी१२५ ही चिप चालते. अक्षरं नीट वाचून घ्या, नुसती एचसी नको, एचसीटीच पाहिजे. शिफ्टर बोर्डाजवळ, त्याच्या पुढे काहीशे ओहमचा एक रेझिस्टर, आणि पहिल्या पिक्सेलपर्यंतची वायर होईल तेवढी आखूड. कंट्रोलर, म्हणजे माळेला डेटा देणारा बोर्ड, लांबच ठेवावा लागत असेल तर वाटेत एक जास्तीचा पिक्सेल जोडून तो कायम काळा ठेवतात, कारण प्रत्येक पिक्सेल सिग्नल ताजा करून पुढे पाठवतो.

आणि ग्राउंड. कंट्रोलरचा सप्लाय वेगळा, माळेचा वेगळा, आणि दोघांचे मायनस एकमेकांना जोडलेलेच नाहीत, ही चूक इतकी कॉमन आहे की माळ विनाकारण लुकलुकत असेल तर मी बाकी काही विचारायच्या आधी हेच विचारतो.

माळेच्या टोकाला पांढरा लालसर दिसतो

हे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे लांब वायरीत व्होल्टेज कमी होत जाणं. लाल एलईडी साधारण दोन व्होल्टवर पेटतो, निळ्या-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात, त्यामुळे टोकाला व्होल्टेज कमी पडलं की आधी निळा आणि हिरवा मान टाकतात आणि पांढऱ्याचा पिवळट, मग लालसर रंग होतो. रंग बिघडला म्हणून लोक सॉफ्टवेअरमध्ये रंग दुरुस्त करत बसतात, त्याने काही होत नाही.

हिशोब करून बघा. डब्ल्यूएस२८१२बीचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलीअँपिअर धरतात, म्हणजे ५० पिक्सेलना ३ अँपिअर. ०.७५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०२६ ओहम. सप्लाय पाच मीटरवर असेल तर करंट जाऊन परत येतो म्हणून दहा मीटर धरायची, झाले ०.२६ ओहम, गुणिले ३, म्हणजे ०.७८ व्होल्ट नुसत्या वायरीत गेले. माळेच्या तोंडाशीच ४.२ पोचले, टोकाचं तर सोडाच. तेवढीच पॉवर १२ व्होल्टवर नेली तर करंट सव्वा अँपिअर आणि ड्रॉप ०.३३ व्होल्ट, तोही बारातून. म्हणून सप्लाय लांब असेल तर १२ व्होल्टच्या माळा घ्या. फक्त ५ आणि १२ च्या माळा एकाच डब्यात ठेवू नका, दिसायला सारख्याच असतात आणि पाचवालीला बारा दिले की ती एकदाच चमकते.

पाच व्होल्टच घ्यायचं असेल तर पॉवर इंजेक्शन करा, म्हणजे सप्लायवरून वेगळी जाड वायर आणून माळेच्या मध्ये किंवा टोकाला पुन्हा पॉवर द्यायची. दोन वेगळे सप्लाय वापरत असाल तर दोघांचे प्लस एकत्र करू नका, त्या जागी माळेची प्लसची तार कापा, मायनस आणि डेटा मात्र सलग राहू दे. प्रत्येक इंजेक्शनच्या वायरीला फ्यूज हवाच, कारण साठ अँपिअरच्या सप्लायवर बारीक वायर शॉर्ट झाली तर सप्लायला त्याचं काहीच वाटत नाही, वायर मात्र पेटते.

ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणला तरी रात्री भरपूर उजेड पडतो हे मला फार उशिरा कळलं. १०० टक्क्यांवर लोक डोळ्यांवर हात धरून बघत होते.

मेन्सशी खेळ नको

सप्लायला वीज देण्याआधी बाजूचा ११५/२३० व्होल्टचा स्विच असेल तर तो बघा, चुकीकडे असेल तर एक मोठा आवाज आणि संपलं. अर्थिंग जोडा. घरातून बाहेर जाणाऱ्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा, मेन्सच्या जोडणीची खात्री नसेल तर तेवढं काम इलेक्ट्रिशियनला द्या. सप्लायच्या रेटिंगच्या ८० टक्क्यांच्या आतच लोड ठेवा, तो बंद डब्यात असतो आणि तापतो.

पाण्याचं म्हणाल तर कनेक्टरचं तोंड खाली आणि वायरीला त्याच्या आधी एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळावरून खाली पडतो, आत शिरत नाही. जोड बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांबं खातं, पुढच्या वर्षी आत हिरवी भुकटी निघते. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

अर्धी माळ पेटते, किंवा रंगच भलते येतात

एका ठिकाणापर्यंत पेटते आणि पुढे अंधार असेल तर गुन्हेगार दोनपैकी एक, शेवटचा पेटलेला पिक्सेल किंवा पहिला न पेटलेला. दोन्ही बदलून टाका, विचार करण्यात वेळ घालवू नका. एकही पेटत नसेल तर आधी माळेवरचा बाण बघा, डेटा एकाच दिशेने जातो आणि उलट्या टोकाला जोडलेली माळ ढिम्म बसते.

लाल मागितला आणि हिरवा आला तर रंगांचा क्रम चुकलाय, डब्ल्यूएस२८१२बीला आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा डेटा लागतो. कंट्रोलरमध्ये एक ड्रॉपडाउन बदललं की झालं.

पण पहिले १७० पिक्सेल ठीक आणि १७१ पासून पुढे रंगांची खिचडी, असं असेल तर ते युनिव्हर्सचं गणित आहे. ई१.३१ ही नेटवर्कवरून दिव्यांचा डेटा पाठवायची पद्धत, तिच्यात डेटाच्या एका गठ्ठ्याला युनिव्हर्स म्हणतात आणि त्यात ५१२ चॅनल असतात, एका पिक्सेलला तीन (लाल, हिरवा, निळा), म्हणजे १७० पिक्सेल ५१० चॅनलमध्ये बसतात आणि दोन चॅनल उरतात. एक्सलाइट्समध्ये ५१० आणि कंट्रोलरमध्ये ५१२ ठेवलं की पुढचं सगळं दोन-दोन चॅनलनी सरकत जातं. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा, किंवा कंट्रोलरला येत असेल तर डीडीपी ही दुसरी पद्धत वापरा, त्यात युनिव्हर्सची भानगडच नाही.

कंट्रोलरच्या एका पोर्टवर (माळ जोडायच्या जागेवर) किती पिक्सेल जोडायचे याचंही गणित आहे. एका पिक्सेलचा डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २५ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये (दिव्यांचं एक चित्र जेवढा वेळ टिकतं तेवढ्यात) साधारण ८०० पिक्सेल बसतात. एकाच पोर्टवर हजार जोडून वर गाणं अडखळतंय म्हणायचं, याला अर्थ नाही. आणि वायफायवरून मोठा शो चालवू नका. घरात वेगळी गोष्ट, पण रस्त्यावर वीस जणांचे फोन आले की तेच वायफाय दगा देतं. केबल टाका, मल्टिकास्ट (डेटा सगळ्यांना पाठवणं) बंद करून युनिकास्ट (फक्त ठरलेल्या कंट्रोलरला पाठवणं) ठेवा.

ताल का चुकतो

आता लॅपटॉप उघडा. आधी बघा की चूक सुरुवातीपासून सारखी आहे का वाढत जाते, कारण दोन्हीची कारणं वेगळी.

सुरुवातीपासून दिवे सारखेच पुढे असतील तर बहुतेक वेळा ब्लूटूथ स्पीकर. आवाज तिकडे पोचायला सहज १५०-२०० मिलिसेकंद जातात, आणि १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोके) गाण्यात दोन ठोक्यांत ५०० च असतात, त्यामुळे ठोका आणि दिवा यांची चुकामूक लगेच दिसते. ऑक्सची वायर लावा. स्पीकर घराच्या मागे ठेवून लोक ३४ मीटरवर उभे केले तर नुसता आवाज पोचायलाच १०० मिलिसेकंद लागतात, स्पीकर पुढे आणा. लोकांना रेडिओवर गाणं ऐकवायला एफएम ट्रान्समीटर लावायचा विचार असेल तर तुमच्याकडचे नियम आधी बघा.

वाढत जाणारी चूक मजेशीर असते. मी १२८ बीपीएमच्या गाण्यावर एक इफेक्ट बनवला आणि कॉपी-पेस्ट करत गेलो. १२८ बीपीएमला ठोका ४६८.७५ मिलिसेकंदांचा, पण माझी फ्रेम २५ ची, म्हणून इफेक्ट ४७५ चा झाला. दर ठोक्याला सव्वासहाचा फरक, कोणाला कळतंय असं वाटलं. ६४ ठोक्यांनंतर, म्हणजे तिसाव्या सेकंदाला, दिवे ४०० मिलिसेकंद मागे, जवळपास एक अख्खा ठोका! म्हणून इफेक्ट मागच्या इफेक्टला चिकटवत जाऊ नका, टायमिंग मार्कला, म्हणजे गाण्यातल्या ठोक्याच्या खुणेला, चिकटवा. एक्सलाइट्समध्ये ठोके शोधून मार्क टाकणारे प्लगइन चालतात, पण त्यांनी टाकलेले मार्क कानाने तपासा, संथ गाण्यात ते भलतीकडे जातात.

व्हेरिएबल बिटरेटची (डेटाचा वेग कमी-जास्त होणारी) एमपी३ फाइलही असाच घोळ घालते, आधी कॉन्स्टंट बिटरेटमध्ये बदलून घ्या. गाणं कापायचं असेल तर इफेक्ट बसवायच्या आधी कापा, नंतर सुरुवातीची दोन सेकंद काढलीत तर सगळंच सरकतं.

सगळं एकदम लावू नका

पहिल्या शोमध्ये प्रत्येक ठोक्याला अख्खं घर पांढरं फ्लॅश होत होतं. माझ्या मते भारी, बायको म्हणाली, "वेल्डिंग चाललंय असं वाटतंय." बरोबर होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश तर टाळाच, प्रकाशामुळे फिट येणारे लोक असतात आणि रस्त्यावरून कोण जातंय आपल्याला माहीत नसतं. शांत कडव्यात एकच कमान पेटवा, बाकी अंधार, मग ध्रुपदाला घर उघडा, बघा किती फरक पडतो.

आवाज आणि वेळ शेजाऱ्यांना आधीच विचारून ठरवा. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "गाणं छान आहे हो, पण तेच किती वेळा?" दर दहा मिनिटांनी एकदा वाजवतो आता, मध्ये नुसते संथ रंग फिरत राहतात.

सण संपल्यावर उतरवताना घाई असते. मागे मी कनेक्टरला कागदी टेपवर नंबर लिहिले होते, पावसाने शाई गेली आणि चौदा कोऱ्या पट्ट्या हातात राहिल्या. या वर्षी पर्मनंट मार्करने थेट प्लास्टिकवर लिहिलेत, शिवाय उतरवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढलाय.