कॅन, मस्ट, शुड, माइट: इंग्रजीची मोडल क्रियापदं मराठीच्या आधाराने कशी शिकावीत

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘ऑब्लिगेशन (म्हणजे सक्ती) दाखवणारं मोडल वापरून वाक्य लिहा’ असं आलं की आपल्याकडची मुलं पटकन ‘मस्ट’ टाकतात आणि गुणही मिळवतात. तीच मुलं जळगाव-धुळ्याहून पुण्याला मुलाखतीला गेली की ‘आय कॅन एबल टू डू’ म्हणतात. हुशारी कमी पडत नाही. शिकण्याची सुरुवातच चुकीच्या टोकाने झालेली असते. मोडल म्हणजे मुख्य क्रियापदाला सक्ती, परवानगी, अंदाज असा अर्थ जोडणारं सहायक क्रियापद. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड अशा नऊ मोडल शब्दांपुढे एकेक मराठी अर्थ लिहून पाठ करायला लावतात. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. या नवांची कामं आपण दिवसभर मराठीत ‘शकतो’, ‘पाहिजे’, ‘लागेल’, ‘असेल’, ‘नये’ यांच्याकडून करून घेतच असतो. म्हणून आधी आपलं मराठी वाक्य नीट ऐकायचं, मग इंग्रजीकडे जायचं.

पायरी १: साचा पक्का करा

हे काम एका बैठकीत होतं. मोडलनंतर क्रियापद मूळ रूपात येतं. कर्ता ‘ही’ असो की ‘दे’, मोडलला ‘एस’ लागत नाही: ‘ही कॅन ड्राइव्ह’. मध्ये ‘टू’ येत नाही, म्हणून ‘यू मस्ट टू गो’ चूक आणि ‘यू मस्ट गो’ बरोबर. प्रश्न विचारताना ‘डू’ किंवा ‘डज’ लागत नाही, मोडलच पुढे येतं: ‘कॅन ही ड्राइव्ह?’ नकाराचा ‘नॉट’ मोडलच्या लगेच नंतर बसतो.

शिवाय दोन मोडल शेजारी बसत नाहीत. ‘मला उद्या येता येईल’ याचं ‘आय विल कॅन कम’ होत नाही, ‘आय विल बी एबल टू कम’ होतं. ‘कॅन’ आणि ‘बी एबल टू’ दोन्ही ‘शकणे’च सांगतात, म्हणून एका वाक्यात एकच घ्या. मुलाखतीतलं ते वाक्य तिथेच सुधारतं.

पायरी २: सक्ती आहे की अंदाज, हे आधी ठरवा

माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नावर उभा आहे. जवळपास प्रत्येक मोडल दोन कामं करतं. एक, कुणी काय करावं, काय करू शकतो, कशाला परवानगी आहे हे सांगणं. दुसरं, काय घडलं असेल किंवा घडेल याचा अंदाज बांधणं.

रावेर-यावल पट्ट्यातली केळी आखाती देशांत जातात. समजा, तुम्हाला तिकडच्या ग्राहकाला मेल लिहायचा आहे. ‘कंटेनरने सोमवारपर्यंत बंदरात पोचलंच पाहिजे’ आणि ‘कंटेनर सोमवारपर्यंत बंदरात पोचायला पाहिजे’ ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे ‘पाहिजे’ आहे, पण पहिल्यात अट आहे आणि दुसऱ्यात हिशेब मांडून केलेला अंदाज आहे. पहिल्यासाठी ‘द कंटेनर मस्ट रीच द पोर्ट बाय मंडे’. दुसऱ्यासाठी ‘द कंटेनर शुड रीच द पोर्ट बाय मंडे’. अंदाज कळवायचा असताना ‘मस्ट’ लिहिलं तर ग्राहकाला वाटेल, तुम्ही कुणाला तरी तंबी देताय. आणि खात्रीच नसेल, रस्त्यात वेळ लागण्याची शक्यता असेल, तर ‘इट माइट रीच बाय मंडे’. मग तोही शीतगृहाची सोय त्या बेताने करील.

पायरी ३: सक्तीची धार ओळखा

‘मस्ट’मध्ये बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो, ‘हॅव टू’मध्ये बाहेरचा नियम किंवा परिस्थिती. पाहुण्याला ‘आमचं वांग्याचं भरीत खाल्लंच पाहिजे’ म्हणता, ते ‘यू मस्ट ट्राय अवर भरीत’. ‘गाडी पहाटेची आहे, चारला उठावं लागेल’ हे ‘आय विल हॅव टू गेट अप ॲट फोर’. ‘शुड’ म्हणजे सल्ला, ऐकणाऱ्याने नाही ऐकला तरी चालतो.

नकारात मात्र फार जपा. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे ‘येऊ नका’, सरळ बंदी. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे ‘यायची गरज नाही, आलात तरी चालेल’. लग्नाच्या आधीच्या दिवशी पाहुण्याला यातलं चुकीचं वाक्य गेलं तर तो कायमचा दुखावेल.

पायरी ४: अंदाजाची उतरंड

जळगाव स्टेशनवर उभे आहात, मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळहून यायची आहे. अंतर जेमतेम २५ किलोमीटर. ‘सुटली असेल’ असं आपण म्हणतो, अहिराणीत कुणी आलं असेल असं वाटलं तर ‘ऊना व्हई’ म्हणतात. या ‘असेल’मध्ये खात्री किती, ते आपण आवाजावरून कळवतो. इंग्रजीत ते मोडलने कळवावं लागतं.

फलाटावरचे लोक सामान उचलायला लागले, सिग्नलही मिळाला: ‘इट मस्ट हॅव लेफ्ट भुसावळ’. वेळापत्रकाप्रमाणे सुटायला हवी: ‘इट शुड हॅव लेफ्ट बाय नाऊ’. सांगता येत नाही, सुटली असेल-नसेल: ‘इट मे हॅव लेफ्ट’ किंवा ‘इट माइट हॅव लेफ्ट’. आत्ताच भुसावळहून फोन आला की गाडी तिथेच उभी आहे: ‘इट कान्ट हॅव लेफ्ट’. या शेवटच्या ठिकाणी ‘मस्ट नॉट’ घालू नका, ‘शक्यच नाही’ यासाठी ‘कान्ट’च चालतं.

भूतकाळाचा साचाही यात आलाच: मोडल, मग ‘हॅव’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘सांगायला हवं होतं’ म्हणजे ‘यू शुड हॅव टोल्ड मी’, ‘सांगता आलं असतं’ म्हणजे ‘यू कुड हॅव टोल्ड मी’. पहिल्यात चूक दाखवलेली असते, दुसऱ्यात फक्त राहून गेलेली संधीही असू शकते.

‘कुड’बद्दल आणखी एक. ‘लहानपणी मला पोहता यायचं’ हे ‘आय कुड स्विम’. पण एकदा घडलेलं, जमून गेलेलं काम असेल, जसं ‘काल शेवटची एसटी पकडता आली’, तर ‘आय वॉज एबल टू कॅच द लास्ट बस’.

पायरी ५: विनंती

परवानगीला ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’, दोन्ही चालतात. पहिलं जास्त अदबीचं. दुसऱ्याला काम सांगताना ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’. आपलं ‘जरा बघता का?’ तेच काम करतं. नुसतं ‘प्लीज’ जोडलं तरी ‘सेंड द फाइल, प्लीज’ हुकुमासारखंच वाटतं. पण नम्र दिसावं म्हणून स्वतःबद्दल ‘आय वुड कम टुमॉरो’ लिहू नका. ते ‘आलो असतो, पण...’ असं ऐकू येतं. यायचं नक्की असेल तर ‘आय विल कम’.

‘शॅल’ला फार वेळ देऊ नका. करारपत्रात ते बंधनासाठी येतं, बोलताना ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघायचं का?’ एवढं पुरे.

पायरी ६: सराव

घरात दिवसभरात ऐकलेली चार-पाच वाक्यं वहीत लिहा. प्रत्येकापुढे ‘सक्ती’, ‘सल्ला’, ‘क्षमता’, ‘परवानगी’, ‘अंदाज’ किंवा ‘विनंती’ लिहा, आणि मगच इंग्रजी करा. ‘दार वाजलं, बाबा आले असतील’: अंदाज, जवळजवळ खात्री, म्हणून ‘दॅट मस्ट बी बाबा’. ‘कापूस भिजायला नको, झाकून ठेवायला हवा’: सल्ला, ‘वी शुड कव्हर द कॉटन’. ‘दवाखान्यात रिपोर्ट न्यायची गरज नाही’: सक्ती नाही, ‘यू डोन्ट हॅव टू टेक द रिपोर्ट्स’. आठवडाभर असं केलंत की इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ‘सक्ती’ की ‘अंदाज’ हे आपोआप सुचायला लागेल.